राँग नंबर, परत लावा

एक्स्चेंजबाईंबद्दल मी लिहावं, हे खरं तर बरोबर नाही. त्यांना तीस-तीस वर्षं ओळखणारी माणसं मंडईच्या आसपास आहेत. माझी ओळख कॉलेजच्या तीन वर्षांची, तीही सकाळच्या अर्ध्या-पाऊण तासाची. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे अर्ज नाहीतर परीक्षेचा पेपर, एवढंच आम्हाला माहीत. त्यामुळे काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बाई स्वतः सांभाळून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

बाई दिसायच्या आधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. "बोला." एवढाच शब्द. मोठ्याने नाही, पण असा स्वच्छ, की समोरचा माणूस काय बोलणार होता ते विसरून जायचा. ट्रंक कॉलच्या काळात बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून हे नाव. ऑपरेटरला समोरचा माणूस दिसत नाही, लहान की मोठा कळत नाही, म्हणून त्या सगळ्यांनाच अहोजाहो करायच्या. मी एकोणीस वर्षांचा होतो, तरी मलाही. जन्मात मला पहिल्यांदा कोणी "अहो" म्हटलं ते बाईंनी.

मंडईजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी पेपर वाचायचा स्टँड आहे. वर पत्रा, खाली उतरत्या फळ्या, फळीवर पेपर आणि तो उडू नये म्हणून मधोमध लोखंडी सळई. लोक उभ्यानेच वाचतात. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी साडेसहाला तिथे पेपर लावायचं काम बाईंनी आपणहून घेतलं. जो पेपर वाचून त्यांचं स्वतःचं डोकं उठायचं, तो त्या पहिल्या फळीवर लावायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आपल्या मनासारखा पेपर घरी वाचावा. इथे दुसऱ्याचा वाचायला यायचं."

धायरीहून बसने मी स्वारगेटला उतरायचो आणि कॉलेजला चालत जायचो. लवकरची बस धरली की जागा मिळायची, पण मग तास सुरू व्हायला वेळ असायचा. तो वेळ मी स्टँडवर काढायचो. पेपर वाचायला जायचो, पण खरं सांगायचं तर भांडणं ऐकायला थांबायचो.

तिथे बाईंचा एक नियम होता. दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते आपल्या तोंडाने सांगायचं, आणि त्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही. बाई याला कॉल जोडणं म्हणायच्या. एकदा शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवायची बातमी होती. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब रोज यायचे. ते म्हणाले, "लहान वयात आणखी एक भाषा आली तर बिघडलं कुठे?" शेजारी लसूण विकणारे मामा उसळलेच. "साहेब, मंडईत निम्मे हमाल हिंदी बोलतात. मला कोणी पहिलीत शिकवली होती?"

"मामा," बाई म्हणाल्या, "आधी साहेबांचा कॉल जोडा."

"साहेबांचं काय! साहेब म्हणतायत, मराठी गेली खड्ड्यात."

"असं मी कधी म्हणालो?" साहेब.

"राँग नंबर. परत लावा." बाई.

मामांनी हातातला लसूण खाली ठेवला. "साहेब म्हणतायत, पोरांचं डोकं लहानपणी ताजं असतं. तेव्हा शिकलं तर जड जात नाही."

"हो. हेच."

"आता तुमचं बोला, मामा. आणि साहेब, पुढची पाळी तुमची. हसू नका."

साहेबांनाही दोनदा राँग नंबर लागला. मतं कोणाचीच बदलली नाहीत, पण आवाज खाली आले.

मी यात कधी पडलो नव्हतो. वर्गातसुद्धा मी हात वर करत नसे. तोंडातून "आहे"च्या जागी "हाय" गेलं की मागून हसू येतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी शहरात घेतलेल्या गावांच्या पाण्याची बातमी आली. साहेब म्हणाले, "यांना शहरातही यायचंय आणि आमच्या नळातलं पाणीही हवंय." माझा हात नकळत त्या बातमीवर गेला.

"बोला," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"नाही, काही नाही."

"काही नाही तर बातमीवर हात कशाला ठेवलात? बोला."

मग मी बोललो. आमचं गाव शहरात घेतलं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. टॅक्सचा कागद आला, नळ आला नाही. विहिरी होत्या, त्या बिल्डिंगांखाली गेल्या. टँकर यायचा असला की आई कामावर जात नाही. बोलताना दोनदा "हाय" गेलं, पण कोणी हसलं नाही. बाईंनी साहेबांना माझा कॉल जोडायला लावला. तिसऱ्या वेळी तो लागला, आणि मी "हो, हेच" म्हणालो. माझं म्हणणं दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर बाईंनी विचारलं, "गाव कुठलं?"

"धायरी."

"तिथे माझा भाऊ राहतो," म्हणाल्या, आणि पाठ फिरवून सळया सरळ करायला लागल्या. त्या दिवसापासून मी धायरीकर झालो.

भावाची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली. भाऊ सत्तरीला आलेला, तरी त्याला त्या बाळच म्हणायच्या. पेठेतलं घर सोडून तो धायरीत फ्लॅटमध्ये राहायला गेला. पुढच्या भाऊबीजेला बाईंकडे जेवायला बसल्यावर पाण्याचे हाल सांगू लागला. बाई म्हणाल्या, "कोणी सांगितलं होतं तिकडे घर घ्यायला?" बाळ अर्ध्या ताटावरून उठला आणि गेला. त्यानंतरच्या दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या.

"आयुष्यभर लोकांचे कॉल जोडले," बाई म्हणाल्या, "आणि सख्ख्या भावाचा माझ्या हाताने तोडला."

ऐकत असलेले मामा म्हणाले, "अहो बाई, मग सॉरी म्हणून मोकळ्या व्हा की."

"सॉरीला काय, जीभ हलवली की झालं. तो काय म्हणत होता हेच मला कळलेलं नाही. मग माफी मागायची ती कशाची?"

म्हणून त्यांनी आपला नियम स्वतःलाच लावला होता. पोस्टकार्डावर भावाचं म्हणणं लिहायचं आणि खाली एकच प्रश्न: हेच म्हणत होतास का? पहिल्या कार्डात त्यांनी लिहिलं, तुला शहराइतकंच पाणी हवं आहे. उत्तर आलं, "नाही." दुसऱ्यात लिहिलं, बिल्डरने तुला फसवलं. उत्तर, "राँग नंबर." ते कार्ड बाईंनी आम्हा सगळ्यांना दाखवलं. "बघा, टोमणा मारतोय. म्हणजे अजून माझाच भाऊ आहे." तिसऱ्या कार्डाला पुन्हा नुसतं "नाही."

बाई खचल्या नाहीत. धायरीची बारीकशी बातमी असली तरी पेन्सिलीने खूण करायच्या. मला खोदून खोदून विचारायच्या. शेवटी एके दिवशी म्हणाल्या, "धायरीकर, तुमच्याकडे टँकर कधी येतो? त्या दिवशी मी येणार."

मी नको नको म्हणालो. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि ओटा. पण बाई स्वारगेटहून बस धरून आल्याच. आई गडबडून गेली. "अवो बाई, कशाला येवढा तरास घेतला? बसा हितं."

टँकर दहाला येणार होता. बाई पिंपांशेजारी ओट्यावर बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. कुठेही हॉर्न वाजला की आई कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची. मधूनच फोन लावायची, कानाला धरायची आणि ठेवून द्यायची.

"रोज असंच?" बाईंनी विचारलं.

"रोज न्हाय, एक दिसाआड. पान्याचं काय न्हाय हो, आज न्हाय तर उद्या येतंय. पन फोन लावला तर कोनी उचलत न्हाय बगा. येतो म्हना, न्हाय येत म्हना, कायतरी सांगा की! मानूस हाय का न्हाय आमी?"

"फोन उचलत नाहीत," बाई हळू म्हणाल्या.

"हो, त्येच की."

टँकर दीडला आला. बाईंनी पदर खोचला आणि आईचं काही न ऐकता नळी धरून उभ्या राहिल्या. पिंपं भरल्यावर ओल्या हातांनीच पर्समधून पोस्टकार्ड काढलं आणि ओट्यावर बसून लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. भावाची बिल्डिंग आमच्या ओट्यावरून दिसते. मी म्हणालो, "बाई, दहा मिनिटांवर आहे. चला, मी सोडतो."

"नको. दार वाजवून मिळालेला होकार मला नको." जाताना स्वारगेटच्या पेटीत त्यांनी ते कार्ड टाकलं.

पुढच्या शिक्षणाला मला कोल्हापूरला प्रवेश मिळाला. निरोप घ्यायला स्टँडवर गेलो तेव्हा कार्ड टाकून पंधरा दिवस झाले होते. एरवी "नाही" चार दिवसांत यायचं.

"आलं?" मी विचारलं.

"अजून नाही. वेळ घेतोय म्हणजे नीट वाचतोय."

"आणि परत नाहीच आलं तर?"

"तर पाचवं लिहीन. हात चालतोय, पोस्ट चालू आहे. तुम्ही जा, धायरीकर. वर्गात पहिल्या बाकावर बसा आणि बोला. हो आलं की कळवते."

मी बसलो. बोललोही, "हाय"सकट. हॉस्टेलवर आरक्षणावरून खोलीतल्या जोडीदाराशी माझं जोरात वाजलं. आठवडाभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग मी त्याला म्हणालो, थांब, तुझं म्हणणं आधी मी सांगतो. मला चारदा राँग नंबर लागला. पाचव्यांदा तो "हो, हेच" म्हणाला. मतं आजही जुळत नाहीत. मेसमध्ये मात्र आम्ही एका टेबलावर बसतो.

बाईंचं काही कळलं नाही. मीही फोन केला नाही. वाटायचं, उत्तर आलं नसेल, आपण विचारलं तर त्यांना वाईट वाटेल. दिवाळी गेली, नाताळ गेला. परवा बहिणीचा फोन आला. "दादा, तुझं पोस्टकार्ड आलंय. कवाचं हाय कुणास ठाऊक. आईनं टीव्हीमागं ठेवलं होतं, तिला वाटलं टॅक्सचा कागद हाय."

"वाच," मी म्हणालो. ती एकेक शब्द लावत वाचू लागली.

"धायरीकर यांस. ताई तुम्हाला असंच म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. तुमच्या ओट्यावरून तिने लिहिलं होतं: बाळ, तू माझ्याकडे पाणी मागत नव्हतास. दिवसभर फोन लावलास आणि कोणी उचलला नाही, हे सांगत होतास. आणि मीही उचलला नाही. हेच म्हणत होतास का? ते कार्ड मी महिनाभर खिशात ठेवलं. मग हो लिहिलं. भाऊबीजेला गेलो, ताट पूर्ण संपवलं. 'हो' तू म्हणालास, म्हणून धायरीकरांना तूच कळव, असं तिने मला बजावलं होतं. मी आज-उद्या करत राहिलो. गेल्या आठवड्यात ताई गेली. उशीर माझा आहे. स्टँडवर पेपर आता मी लावतो. पहिली बस धरली की साडेसहाला पोचतो. टँकरच्या दिवशी मात्र लसूणवाले मामा लावतात."