कीबोर्डवरची दस्ती

वडील वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटावर राबले. सात महिने झाले की कामाला ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवा गेटपास, परत पहिल्यापासून. ब्रेक लागला की घर आईच्या डब्यांवर चालायचं. बजाजनगरच्या एका खोलीत ती मेसच्या पोरांसाठी भाकऱ्या थापायची आणि आम्ही भावंडं डब्यांच्या मधे जागा करून अभ्यास करायचो. तिथंच बसून मी इंजिनिअर झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी मोठ्यानं सांगते, लाजत नाही.

नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "कायम कधी करणार?"

"एक वर्ष प्रोबेशन. मग करतील."

"मग वर्षभर कुणाशी भांडू नको, बाई."

नेमकं तेच जमण्यासारखं नव्हतं. आमच्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मशिनी चालवणारे कॉम्प्युटर चौदा आणि माणसं चार. कॉम्प्युटर काचेपलीकडच्या थंड खोलीत, आम्ही अलीकडे. प्रत्येकाच्या टेबलावर नुसता स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस. मधे एक स्विच. हवा तो कॉम्प्युटर निवडायचा की तो आपल्या स्क्रीनवर येतो. बघू कुणीही शकतं, पण चालवता येतो एका वेळी एकाच टेबलावरून. त्यानं सोडला की दुसऱ्याला मिळतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण सोडणं आपल्या लोकांच्या रक्तात आहे कुठं! आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात, आणि एसटीच्या खिडकीतून दस्ती आत टाकली की ती सीट आपली. दुसऱ्याची दस्ती उचलणाऱ्याला लोक सोडत नाहीत. हाच कायदा कंट्रोल रूममध्ये आणला होता आमच्या सगळ्यात सिनिअर ऑपरेटरनं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा कॉम्प्युटर धरायचे, कीबोर्डवर चौकड्याची दस्ती पसरायचे आणि चहाला जायचे. पेंट शॉपच्या रंग वाळवायच्या भट्टीचा कॉम्प्युटर म्हणजे तर त्यांचं वतनच. कागदावर भट्टी माझ्याकडे होती, तरीही.

"मामा, भट्टी सोडता का?"

"आत्ताच धरली ना माय. दम खा जरा."

"पण तुम्ही तर चहाला निघालात."

"मग? दस्ती हाय ना तिथं."



प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. दुपारी लाइनवर पातळ पत्र्याचे पांढरे पार्ट येणार होते, त्याआधी भट्टीचं तापमान उतरवायचं होतं. आकडा मला समोर दिसत होता. मी माऊस हलवतेय, बाण हलत नाही. 'नियंत्रण टेबल एककडे' एवढीच पाटी येतेय. टेबल एकवर मामा नाहीत. दस्ती आहे.

ते टेबल दहा पावलांवर होतं. दस्ती बाजूला सारायची आणि तिथूनच आकडा बदलायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. माझा हात रेटला नाही. मी, इंजिनिअर, मामांना शोधायला कॅन्टीनकडे पळाले! आठवलं की अजून स्वतःचाच संताप येतो. मामा कॅन्टीनला नव्हतेच. मी परत आले तर पेंट शॉपचा फोन वाजत होता.

"मॅडम, पांढरा माल पिवळा निघायलाय. हळद लावायलात का काय?"

मेमो माझ्या नावानं आला. खुलासा द्या, अन्यथा नियुक्तीचा फेरविचार होईल. मामांना विचारलं तर म्हणाले, "मला काय म्हायती? मी तर तिथं नव्हतोच."

अहो, तेच तर म्हणणं आहे!

घरी काही बोलले नाही. दोन दिवस स्विचचं माहितीपुस्तक वाचलं. स्विच बसवल्यापासून ते कुणी उघडलेलंही नव्हतं. कोणत्या टेबलानं काय कधी धरलं, याची नोंद स्विच स्वतःच ठेवत होता. आणि ठरावीक वेळ हात लागला नाही तर कॉम्प्युटर आपोआप सोडायची सोयही त्यात होती. पहिल्या दिवसापासून बंद. नोंदीचा कागद काढून मी मेमो देणाऱ्या साहेबांसमोर ठेवला. भट्टी टेबल एककडे पन्नास मिनिटं, कीबोर्डला एकदाही हात नाही.

साहेब म्हणाले, "मग तुम्ही दस्ती का नाही उचलली?"

"ते चुकलं, सर. पण भट्टी दस्ती उचलण्यावरच चालवायची असेल, तर एवढा स्विच कशाला घेतला?"

मामांना बोलावलं. कागद बघून ते म्हणाले, "हे यंत्र चुगल्या करतंय व्हय?"

"मामा, पन्नास मिनिटं चहा?"

"लई गरम व्हता, साहेब."

साहेब हसले आणि मला म्हणाले, "बघू. सिनिअर माणूस आहे, हळूहळू करू." हळूहळू! माझे दिवस भरत आले होते. मी रोज सकाळी आदल्या दिवसाच्या नोंदीचा नवा कागद त्यांच्या टेबलावर ठेवायला लागले. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आठवड्यानं साहेब वैतागले आणि आपोआप सोडायची सोय चालू करायच्या माझ्या अर्जावर त्यांनी सही केली.

आता तीन मिनिटं हात लागला नाही की कुठलाही कॉम्प्युटर आपोआप सुटतो, मामांनी धरलेला असो की साहेबांनी. मेमो मागं घेतला. महिना संपताना मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आमच्या घरातली ही पहिली कायम नोकरी.