गॅसबत्ती आणायला गेलो आणि नांगर आणला

लागलं का हो पायाला? बघू. माफ करा, इथे सगळ्यांनाच ठेच लागते. नांगर आहे तो. शेतातला नाही, बोटीचा. डहाणूचा माणूस म्हणून हौसेनं दारात ठेवलाय असं समजू नका. माझ्याकडे बोट नाही, होडी नाही, मला धड पोहताही येत नाही!

मग हा इथे आला कसा? बसा, चहा होईपर्यंत सांगतो. असा पोपट तुम्ही आयुष्यात कुणाचा झालेला ऐकला नसेल. फक्त हळू बोलतो हं, कारण ही आत आहे आणि यातलं निम्मं तिला अजून माहीत नाही.

आता माझा शौक तुम्हाला ठाऊकच आहे. नाही? स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. आठवडाभर लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती काढायच्या आणि रविवार उजाडला की जुने स्टोव्ह आणि कंदील शोधत भटकायचं. पूर्वी लोक जंगलात, किल्ल्यावर मुक्कामाला जाताना सोबत न्यायचे ना, ते छोटे पितळी स्टोव्ह? पंप मारला की फर्र करून पेटणारे? ते दिसले की माझा माझ्यावर ताबा राहत नाही. भंगारवाले, जुन्या बाजारातले, हायवेवरचे 'अँटिक' पाटी लावून बसलेले, सगळे मला ओळखतात. ओळखतात म्हणजे मला बघितलं की भाव वाढवतात.

घरात काय परिस्थिती? माळ्यावर स्टोव्ह. शिवणाच्या मशीनखाली स्टोव्ह. फ्रीजमागे कंदील. एकदा ही तांदळाच्या डब्यात हात घालायला गेली आणि हाताला पंप लागला! कबूल करतो, तो मीच ठेवला होता, लपवायला दुसरी जागा नव्हती. त्या दिवशी भाताला रॉकेलचा वास आला आणि वैशालीने, म्हणजे आमच्या हिने, फर्मान काढलं.

"या घरात आता एकच वस्तू येईल. शेवटची! काय आणायची ते नीट विचार करून आणा. त्यानंतर साधी चिमणी जरी उंबरठ्याच्या आत आली, तर मी उंबरठ्याच्या बाहेर."

एकच वस्तू! काय आणावी माणसाने? मी क्षणाचाही विचार केला नाही. गॅसबत्ती! माझ्याकडे सगळं होतं, पण पंपाची, पितळी टाकीची, वर छत्री आणि मूळची काच शाबूत असलेली गॅसबत्ती नव्हती. आणि देवाची करणी बघा, त्याच आठवड्यात धाकट्या डहाणूची जयवंतीबाई सुके बोंबील घेऊन दारात आली. तिला माझं वेड माहीत.

"भाऊ, आमच्याकडची बत्ती गेल्या महिन्यात इकली. सासऱ्याच्या येळची. तलासरीला भंगारवाल्याला दिली. काचसुदा फुटली नव्हती बघा."

"अहो जयवंतीबाई, मला नाही का द्यायची?"

"तुमच्या बायकोनंच सांगितलंय, यांना काय दिलंस तर बोंबील घ्यायची बंद होईन!"

बघा! घरातच शत्रू. पण म्हटलं, जाऊ दे, पत्ता तर लागला. आता गरज होती डावपेचांची. त्यासाठी कोसबाडला माझा मित्र आहे, दिग्या. चिकूची वाडी सांभाळतो आणि जुन्या वस्तूंच्या खरेदीत स्वतःला मोठा तज्ज्ञ समजतो.

दिग्या म्हणाला, "तुझं चुकतं कुठे सांगू? तू वस्तू बघितली की तुझे डोळे चमकतात. दुकानदार तिथेच तुला कापतो. जी वस्तू हवी तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. उलट तिला नावं ठेवायची. भाव करायचा भलत्याच वस्तूचा, जी तुला जन्मात नको असेल. तो फिसकटला की निघताना सहज विचारायचं, हे काय आहे हो? मग बघ कशी मातीमोल भावात मिळते! आणि वहिनींना आधी काही सांगू नकोस. बायकांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

हा सल्ला मी ऐकला. इथेच मी मेलो.

रविवारी सकाळी गाडी काढली, तर ही चप्पल घालून तयार. "शेवटची वस्तू काय उचलून आणता, ते मला डोळ्यांनी बघायचंय." आता काय बोलणार? गंजाडच्या रस्त्याने हायवे गाठला आणि तलासरीला दुकान उघडायच्या वेळेला पोचलो. वाटेत तिने दहादा विचारलं, "नक्की काय घ्यायचंय?" मी आपला, "बघू काय मिळतं ते." वा रे मुत्सद्दी!

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पुढे ट्रकचे टायर, मागे कूलर, पंखे, देव्हारे, सायकली. मालक कांतीभाई नुकतेच अगरबत्ती फिरवत होते. आणि त्यांच्या डोक्यावर, खिळ्याला टांगलेली, ती! पितळी टाकी, छत्रीला एक पोचा नाही, काच शाबूत. पण मी मान वळवली. दिग्याचा चेला ना मी!

"आवो आवो शेठ! काय पायजे?"

मी इकडेतिकडे बघितलं. जन्मात नको असेल अशी वस्तू कुठली? कोपऱ्यात हा महाराज पडला होता. गंजलेला, दोन माणसांना उचलणार नाही असा नांगर.

"हा नांगर काय भाव?" मी एकदम गंभीर.

हिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला ऊन लागलंय. कांतीभाईंनी भाव सांगितला. मी नाक मुरडलं. त्यांनी थोडा कमी केला. मी पुन्हा नाक मुरडलं. तेवढ्यात, मेलं माझं नशीब, माझी नजर वर गेली. क्षणभरच! कांतीभाईंनी ती पकडली.

"बत्ती बघता काय शेठ? काढू?"

"छे हो! कुठली? ती? शी! असला कचरा कोण घेतं आजकाल? वायसर कुजला असणार. पेटवली तर तोंडावर भडकेल. फुकट दिली तरी नको!"

"बराबर हाय," कांतीभाई बिचारे ओशाळले. "एक बाईने दिली, म्हणून ठेवली."

मला आतून काय वाटत होतं म्हणून सांगू? देवघरात उभं राहून देवाला शिव्या घालाव्यात तसं! पण डाव रंगात आला होता. आता फक्त नांगराचा सौदा फिसकटवायचा आणि काढता पाय घेताना बत्ती पदरात पाडायची. म्हणून मी सरळ निम्म्या भावावर आलो. निम्म्यावर कुठला दुकानदार हो म्हणतो, तुम्हीच सांगा!

कांतीभाई म्हणाले, "चालेल. लई जाव."

"आँ?"

"सकाळपासून कोणी नाय आला शेठ. बोणी छे. पहिल्या गिऱ्हाइकाला आपण ना नाय बोलत."

मेलो! बोणी म्हणजे आपली भवानी हो, दिवसाची पहिली विक्री. भाव ठरल्यावर भवानीचं गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं, तर दुकानदाराचा अख्खा दिवस बुडतो. दुसरा कोणी असता तर मी खुशाल निघालो असतो. पण मी स्वतः दुकानदार! सकाळच्या पहिल्या झेरॉक्सची नाणी मी कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. कांतीभाईंनी हात पुढे केला होता. मी काय करणार? दिले पैसे. त्यांनी ते कपाळाला लावले, डोळे मिटले, आणि माझी शेवटची वस्तू ठरली. नांगर.

"अहो," ही हळूच म्हणाली. ती मोठ्याने बोलली असती ना, तर मला इतकी भीती वाटली नसती. "हीच का ती विचार करून आणायची वस्तू?"

"चांगला आहे," मी म्हणालो. दुसरं सुचलंच नाही.

"कुठे ठेवणार?"

"बघू."

"समुद्र येतोय का आपल्या घरी?"

पण थांबा, अजून खरी गंमत व्हायचीय! झाली विक्री म्हणून कांतीभाई असे खूश झाले की त्यांनी काठीने ती बत्ती खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्यासमोर धरली.

"शेठ, सकाळी सकाळी तुमी आपल्याला बोणी दिली. ही बत्ती फोकटमां लई जाव. आपल्याकडून भेट."

फुकट! माझ्या हाताच्या वीतभर पुढे! विकत घेतलेली नाही म्हणजे हिच्या फर्मानातही बसेल, असा हिशोब मी त्या क्षणी मनात करून टाकला. आणि मग मी काय केलं माहितीये? म्हणालो, "नको नको."

अहो, असं डोळे वटारून बघू नका! आपल्यात दिलेली वस्तू पहिल्या फटक्यात घेतात का? नको नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, मग घ्यायची. अशीच रीत आहे ना? तुम्ही आत्ता चहाला काय म्हणालात? नकोच म्हणालात ना? आणि येतोय ना चहा?

पण कांतीभाईंनी आग्रहच केला नाही! कसा करतील? आत्ताच तर मी त्या बत्तीचा उद्धार केला होता. ते म्हणाले, "हां, तुमी तर बोलला होता, फोकटमां पण नको." आणि वळले हिच्याकडे. "भाभी, तुमाला पायजे?"

हिने बत्ती हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली. "दिसते छान. मनीप्लांट लावायला होईल. द्या."

मला तर तिथेच हिला मिठी मारावीशी वाटली. बत्ती घरी येणार! मनीप्लांट तर मनीप्लांट! चार दिवसांनी तो गुपचूप कुंडीत हलवता येईल.

"पण हो," ही म्हणाली, "ही टाकी तर बंद आहे. माती कुठून घालायची?"

"तेमां काय भाभी? कटर छे ने! वरचा भाग उडवून देतो. दोन मिनिट."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"अहो नको, आत रॉकेल असेल, भडका उडेल!" मी ओरडलो.

कांतीभाईंनी टाकी उघडून उलटी केली. एक थेंब पडला नाही. वर त्यांनी तिच्यात पाणी भरून खळखळ विसळून दाखवलं. "वरसोथी खाली छे शेठ." म्हणजे कित्येक वर्षं रिकामीच!

"काच फुटेल!"

त्यांनी काच अलगद काढली आणि पेपरात गुंडाळून हिच्या हातात दिली. काय ती काळजी! एवढ्या काळजीने तर मीसुद्धा काढली नसती. मग छत्री काढली, बर्नर काढला आणि टाकी पायाखाली धरून कटरची पिन प्लगमध्ये घातली.

आणि मग मात्र माझा संयम सुटला. गेला दिग्या खड्ड्यात! गेले डावपेच! हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी बोंबललो, "थांबा! कापू नका! मला हवीय ती बत्ती! तिच्यासाठीच आलोय मी!"

कर्रर्रर्रर्र!

कटरचा आवाज तुम्ही ऐकलाय ना? त्यात माझं काय ऐकू जाणार? ठिणग्या उडत होत्या, जयवंतीबाईच्या सासऱ्याचं पितळ गोल गोल कापलं जात होतं आणि मी दोन्ही हात वर करून नाचत होतो. हिला वाटलं, मला ठिणग्यांची भीती वाटतेय. तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं!

कटर बंद झाला. वरची चकती टणकन जमिनीवर पडली.

"काय बोलला शेठ?"

मी त्या चकतीकडे बघितलं. उघड्या टाकीकडे बघितलं.

"काही नाही," मी म्हणालो. "कडा जरा घासून द्या. हिच्या हाताला लागतील."

येताना नांगर डिकीत होता. गाडीची मागची बाजू अशी बसली होती की प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालून खर्रर आवाज यायचा आणि तो मला कटरसारखाच वाटायचा. बाजूला ही मांडीवर बत्ती घेऊन बसलेली, एकदम खुशीत. "तुम्हाला आवडत नाही ना ही? पण घरी लावल्यावर बघा कशी दिसते!" मला रडू येत होतं हो, खरंच येत होतं. सांगून टाकावं असं पंचवीसदा वाटलं. पण सांगितलं असतं तर ही मरेपर्यंत चिडवत राहिली असती. त्यापेक्षा गप्प बसणं परवडलं.

हां, हीच ती. खिडकीत टांगलीय. बरोबर, वेल चांगलाच फोफावलाय.

पण खरा कहर पुढेच आहे. मागच्या आठवड्यात हिच्या भिशीच्या बायका आल्या होत्या. सगळ्या त्या खिडकीसमोर फोटो काढायला! "अगं, कुठे मिळाली?" "आम्हालाही हवी!" आणि ही अभिमानाने म्हणते कशी, "आमच्या ह्यांची नजर चांगली आहे. हे आणतील सगळ्यांना."

त्या रात्री जेवताना फर्मान मागे घेतलं गेलं. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ही स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "जा तुम्ही रविवारी भंगारवाल्यांकडे. डहाणू, तलासरी, कुठेही जा. जेवढ्या बत्त्या मिळतील तेवढ्या आणा. फक्त येताना तिथेच कापून आणा."

म्हणून आता दर रविवारी मी दुकानात शिरायच्या आधी बाहेर उभा राहून हात जोडतो. देवा, आत बत्ती नसू दे रे बाबा!

आणि काय सांगू, इतकी वर्षं एक बत्ती मिळत नव्हती मला. आता ज्या दुकानात जावं तिथे समोरच टांगलेली असते. काचेसकट!