मनुकांचा वास

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, त्याच्या रसासाठी मनुका उकळतेय. आमची सोलापूरची मंडळी विरळ झालीय. आता छोटं पातेलं पुरतं. पण वास तोच, बाबांच्या बाकापर्यंत नेणारा.

काकांशी अबोला धरल्यापासून बाबा प्रभुभोजन घेत नसत. मनात राग ठेवून पेल्याला हात लावायचा नाही, म्हणत. रसाच्या पेल्यांचा ट्रे काकाच फिरवायचे. त्या रविवारी बाबांनी पेला उचलला. काकांच्या ट्रेमधले चिमुकले पेले किणकिणले.

"दादा, आता दर म्हैन्याला घ्यायचं की."

"व्हय," बाबा म्हणाले.

पलीकडं आई रडत होती. मला वाटलं, आनंदानं. डॉक्टरांनी काय सांगितलंय, ते आई-बाबांनाच ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात बाबांच्या रिकाम्या जागेपुढं काका ट्रे धरून उभेच राहिले.