जांभळा मनोरा आणि खिडकीवहिनी

पडदा वर जातो तेव्हा समोर राजवाडा नाही, बाग नाही, दिवाणखानाही नाही. आहे ती एक खिडकी. नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीतली, जेमतेम मनगट आत जाईल एवढ्या अर्धगोल भोकाची. भोकाच्या वर धुरकट काच, काचेमागे तिकिटांचे गठ्ठे, खुर्च्यांचा नकाशा, तांबडी-निळी पेन्सिल, आणि नकाशावर वाकलेली एक बाई. केस चापूनचोपून बसवलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हिला सारं गाव खिडकीवहिनी म्हणायचं.

काय रुबाब होता त्या खिडकीचा! ओळख सांगून पुढची खुर्ची मागणाऱ्याकडे वहिनी चष्म्यावरून अशी बघायची, की तो बिचारा आपण होऊन मागची रांग मागायचा. उलट एखादा गरीब चेहरा पुन्हा दिसला, की म्हणायची, "मागल्या खेपेला खांबाआड गेलात ना? आज मधली घ्या." माणसाचं नाव तिला आठवायचं नाही, पण तो कुठल्या खुर्चीत बसला होता हे ती विसरायची नाही. रांगेत कोणी घुसलं तर तिचा एक आवाज पुरे व्हायचा. मोठमोठे नट रंगमंचावर सिंहासारखे गरजायचे आणि पाहुण्यांसाठी पास मागायला खिडकीशी आले, की मांजर व्हायचे.

अशी ही बाई. जन्मभर तिने नाटकं विकली आणि एकही पाहिलं नाही.

बरं, नवरा त्याच नाट्यगृहाचा दिवेवाला. पुठ्ठ्याच्या डोंगरामागून असा सूर्य उगवायचा, की पहिल्या रांगेतली माणसं डोळ्यांवर हात धरायची. त्याच्या वादळाच्या प्रवेशाला तर वेगळ्या टाळ्या पडायच्या. विजा अशा कडाडायच्या, की पोरं आयांना बिलगायची. नट मंडळींना राहून राहून नवल वाटे. एवढ्या गुणी माणसाची बायको, आणि तिसरी घंटा झाली की खिडकी लावून, भिंतीकडे तोंड करून हिशेब घालत बसते!

कॅन्टीनवाला तर तोंडाचा फटकळच. एकदा चहाचा कप खिडकीत सरकवत म्हणाला, "वहिनी, भांडण आहे का दिवेवाल्याशी? तुम्हाला फुकट आहे, तरी बघत नाही!"

"तुमचा चहा तुम्ही पिता का हो?"

"छे! मी कशाला पिऊ?"

"मग?"

रांगेतले लोक हसले आणि प्रश्न तिथेच मिटला. वहिनीने तो असाच, हसण्यावारी, वर्षानुवर्षं मिटवत नेला.

खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. वहिनीला फिट यायची. शाळेत असताना वर्गातला दिवा बिघडून लुकलुकायला लागला आणि ती बाकावरून खाली कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या बाकावरच्या मुली दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. परत कोणी शेजारी आलं नाही. त्या दिवशी आईने बजावलं, "हे कोणाला सांगायचं नाही." आईचं ते सांगणं तिने इतकं पाळलं, की आई गेली तरी सुटलं नाही.

सांगितलं ते फक्त एकाला. लग्नाची बोलणी चालू असताना तिने दिवेवाल्याला जिन्यात गाठलं होतं. "मला फिट येते. गोळ्या चालू आहेत. पण दिवे लुकलुकले, की भरवसा नाही. आता विचार करून काय ते सांगा."

त्याने जिन्याच्या दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे माझी नाटकं तू बघायची नाहीस," तो म्हणाला. "बाकी माझी काही अडचण नाही."

पुढे तिला खिडकीवरची नोकरी मिळाली. तिच्या हाती गल्ला होता, गर्दी होती. मालकाच्या कानावर आजाराची गोष्ट गेली असती, तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरी बाई दिसली असती. म्हणून ती गप्प राहिली. नवऱ्याचं वादळ भिंतीपलीकडे घोंघावायचं, टाळ्यांचा पाऊस पडायचा, आणि ती मान खाली घालून कान तेवढे टवकारायची. कोणत्या जागी टाळी येते हे तिला पाठ होतं. टाळी थोडी कमी पडली, तर रात्री जेवताना विचारायची, "आज काय बिनसलं हो?"

दोघं निवृत्त झाली. नाट्यगृहात नवे दिवे आले, बटण दाबलं की हवा तो रंग देणारे. जुने दिवे वखारीत पडले. आणि मग एक दिवस मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाई दिवेवाल्याच्या दारात उभ्या राहिल्या. फिटच्या आजाराबद्दल लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून एका संध्याकाळी चौकातला घड्याळाचा मनोरा जांभळ्या रंगात उजळायचा होता. जगभर या कामासाठी हाच रंग वापरतात, असं त्या म्हणाल्या.

"काका, लुकलुकणारं, फिरणारं काही नको हं," त्यांनी जाता जाता बजावलं. "ज्यांच्यासाठी करतोय, त्यांनाच घरी बसावं लागायचं."

वहिनी आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं. नवरा आत आला आणि चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. मनोऱ्याच्या पायथ्याशी आधीपासून दिवे होते, पण ते पेटण्याआधी फडफडायचे. त्याने ते बंद करायला लावले. वखारीतले आपले जुने दिवे काढले, पुसले, त्यांना जांभळे रंगकागद लावले, आणि उजेड कमीजास्त करायचा डिमर तेलपाणी करून जिवंत केला. एक दिवा घरी आणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चाचणी घेतली.

"दिसत नाहीये काही," वहिनी ओट्याशी उभी राहून म्हणाली.

"दिसेल. हा कागद पहिला उजेड गिळून टाकतो. त्याचं पोट भरलं, की मग आपल्याला देतो. घाई केली तर दचकून येतो. बघ."

भिंत काळीच राहिली, राहिली, आणि मग जणू भिंतीलाच आतून काही आठवलं. जांभूळ पिकावं तसा रंग चढत गेला. वहिनी बघत राहिली. दूध उतू गेलं, तरी दोघांपैकी कोणी हललं नाही.

"तू यायचंस त्या दिवशी," तो म्हणाला.

"लोक विचारतील, जांभळा कशासाठी? मग म्हणतील, असतं तरी कोणाला हे? आणि माझ्याकडे बघतील."

"तुझ्याकडे कशाला बघतील?"

"माझ्या तोंडावरून कळेल. मला थाप मारता येते हो, पण मध्ये काच लागते."

त्याने आग्रह केला नाही. दिवा विझवता विझवता एवढंच म्हणाला, "ये, नाहीतर नको येऊस. मी मात्र तू समोर उभी आहेस असं धरूनच उजेड वर नेणार."

त्या संध्याकाळी वहिनीने ठेवणीतले कपडे काढले, पुन्हा कपाटात ठेवले, पुन्हा काढले. शेवटी आपण भाजी आणायला निघालोय असं स्वतःलाच बजावून ती चौकात पोचली आणि औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. चौक माणसांनी फुलला होता. निम्मी माणसं तिची गिऱ्हाइकं. कोण कुठल्या रांगेतला, हे ती मनात लावत होती. तेवढाच जिवाला विरंगुळा.

डॉक्टरीणबाई थोडक्यात आणि नीट बोलल्या. कळ दाबली गेली. चौकातले बाकीचे दिवे मालवले. सगळ्यांच्या माना मनोऱ्याकडे वळल्या.

मनोरा काळाच्या काळा.

लोक थांबले. मग कुजबुज सुरू झाली. कोणी खोकलं, कोणी हसलं. आणि मध्यंतरात अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू जायचा तो आवाज उठला. "फ्यूज उडाला!" कॅन्टीनवाला ओरडला. "दिवेवाला म्हातारा झाला हो! हात थरथरतो त्याचा हल्ली!"

चौकभर हशा पसरला.

वहिनीने नवऱ्यासाठी टाळ्या ऐकल्या होत्या. भिंतीआडून, आयुष्यभर. हशा पहिल्यांदाच ऐकला. तिकडे मनोऱ्याच्या पायथ्याशी, अंधारात, डिमरवर हात ठेवून तो उभा असेल. त्यालाही ऐकू गेलं असेल. तो हात घाई करणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तो ज्या एका बाईसाठी घाई करत नव्हता, ती औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तोंड शिवून उभी होती.

"ए कॅन्टीन!"

रांगा सरळ करणारा तोच आवाज. हसू जागच्या जागी थिजलं.

"काही उडालेलं नाही. ते मुद्दाम हळू आणतायत."

"हळू म्हणजे किती हळू, वहिनी? उजाडेल आता!"

"मला फिट येते," वहिनी म्हणाली. "लहानपणापासून येते. दिवे लुकलुकले की येते. म्हणून मी नाटक बघत नव्हते, आणि म्हणूनच ते हळू आणतायत. कळलं? आता समोर बघा."

एवढं बोलून ती दुकानाच्या दाराच्या चौकटीला टेकली. सगळा चौक तिच्याकडे वळला होता. शेजारची एक अनोळखी बाई जवळ सरकली, आणि तोंडाशी हात नेत पुटपुटली, "आमच्या सुनेलाही आहे."

"मग हळू का बोलताय?" वहिनी म्हणाली.

आणि तेवढ्यात लोकांच्या चेहऱ्यांच्या कडा बदलल्या. आधी तिला वाटलं, आपल्याच डोळ्यांना भास होतोय. मनोऱ्याच्या पायथ्याचा दगड काळ्यातून सुटत होता. रंग कमानीवर चढला, कमानीवरून खिडक्यांत गेला, घड्याळाच्या तबकडीशी जरासा थबकला, आणि कुठेही न दचकता, न अडखळता, थेट कळसापर्यंत पोचला. अख्खा मनोरा जांभळा होऊन उभा राहिला. कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायचं सुचलंच नाही. नंतर जी पडली, ती मात्र अशी पडली, की घड्याळावरची पाखरं उडाली.

या खेपेला टाळ्या आणि वहिनी यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती ताठ उभी होती. डोळे वाहत होते, आणि ते पुसायचंही तिच्या मनात नव्हतं. जाणारे येणारे तिला वाट देत होते. "दिवेवाल्यांच्या बाई," असं कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, आणि त्या सांगण्यात कीव नव्हती.

गर्दी फोडत कॅन्टीनवाला आला. डोक्यावर खुर्ची. चेहरा पार उतरलेला. त्याने खुर्ची नेमकी वहिनीच्या पुढ्यात मांडली, खांद्यावरच्या फडक्याने झटकली, आणि स्वतः ती आणि मनोरा यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"चुकलो, वहिनी. बसा. बसा ना. एवढ्या उजेडाकडे नका बघू, त्रास व्हायचा तुम्हाला."

"त्रास होणार असता, तर ह्यांनी हा उजेड केला असता का? व्हा बाजूला, मला दिसत नाहीये."