खिळ्यावरचा जंपर

आधीच सांगून टाकते. हे वाचून कुणी ‘तुमच्या एक्स्चेंजमध्ये काहीतरी आहे हं’ असं सांगायला येणार असेल तर येऊ नका... चहासुद्धा मिळणार नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक स्वतःच्या हाताने उल्हास नदीत सोडले. मी त्यांची नात. अंगात येणं, उतारे, नजर – आमच्याकडे यातलं काही चालत नाही. आणि नोकरी टेलिफोनची, सव्वीस वर्षं. तार आहे तर आवाज आहे, तार नाही तर नाही. इतकं साधं.

तरी लिहितेय. कारण जे झालं ते जसंच्या तसं लिहून दिलेला माझा कागद ऑफिसात कुणालाच नकोय.

कडावच्या पुढे आमचं छोटं एक्स्चेंज आहे. दोन खोल्या – एक बॅटऱ्यांची, एक स्विचची, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्राची. टेक्निशियन मी एकटी. तिथून एक तांब्याची लाइन डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीत जाते. वाडीचं नाव देत नाही, उगाच लोक बघायला जातील. तिथे मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर चढून हात वर करून उभं राहिलं तर कधीतरी एक काडी दिसते. फोन एकच, सोनीताईंच्या घरी. सोनीताई वाडीच्या आशा कार्यकर्त्या. कुणाला काही झालं की त्यांच्या फोनवरून कडावच्या बाळाराम जीपवाल्याला कॉल जातो.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्या घरून आलेली तारांची जोडी एक्स्चेंजमध्ये एका मोठ्या लोखंडी फ्रेमवर येऊन थांबते. फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला स्विचकडून आलेला तुमचा नंबर. या दोघांना जोडणारी बारीक दुहेरी तार म्हणजे जंपर. तो काढला की स्विचच्या लेखी तुम्ही नाहीच. आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलला फोन लावलात, तर आमचा स्विच तो कॉल ट्रंकवरून, म्हणजे एक्स्चेंजबाहेर जाणाऱ्या मुख्य लाइनवरून, पुढे पाठवतो. जिथे दोन्ही नेटवर्क जोडलेली आहेत तिथे तो त्यांच्या हवाली होतो. नोंद आमच्याकडेही राहते, त्यांच्याकडेही.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत हुकूम आला – तांब्याच्या लाइन बंद करा, फायबर येणार आहे. मी साहेबांना विचारलं, “वाडीत फायबर कधी येणार?”

“येईल हो मॅडम. लिस्टमध्ये आहे.”

“मग येईपर्यंत राहू द्या ना ही एक लाइन.”

“एका लाइनसाठी मी वर काय सांगू?”

मी भांडले. आणि भांडून झाल्यावर जंपर काढला. स्विचमध्ये नंबरही बंद केला. काढलेल्या जंपरचं वेटोळं करायचं, त्याला नंबरची चिठ्ठी बांधायची आणि पंधरा दिवस खिळ्याला टांगून ठेवायचं, ही मला जुन्या लोकांनी लावलेली सवय. चुकून भलताच काढला असेल तर सापडतो. तसा तो टांगला. वाडीत जाऊन सांगायला मात्र गेले नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

सहाव्या दिवशी, भर दुपारी, मी फ्रेमसमोर डबा उघडला होता. बाळारामचा फोन आला.

“मॅडम, सोनीताईची भावजय अडलीय, आताच ताईचा फोन आलेला. मी निघालोय. पण उलटा लावतो तर बाई बोलते, नंबर अस्तित्वात नाय. तुमी जरा सांगा ना त्यांना.”

“कुठल्या नंबरवरून आला?”

“वाडीच्याच! सेव हाय ना माझ्याकडं.”

मी मान वर केली. जंपर खिळ्यावर. चिठ्ठीवर माझंच अक्षर. फ्रेमवरची जागा रिकामी.

“तू जा,” म्हटलं. “आधी जा.”

मग मी मीटर लावला. वाडीची जोडी पूर्ण मेलेली. वाटेत दुसऱ्या जोडीला चिकटली असेल? तसं असतं तर बाळारामला नंबरही त्या दुसऱ्या जोडीचा दिसला असता. स्विचमध्ये पाहिलं – कॉलची नोंदच नाही. घाबरण्याआधी मला राग आला. माझ्या फ्रेमवर मला न विचारता काही होतंच कसं?

संध्याकाळी स्कूटर काढून वाडीत गेले. बाळंतीण कर्जतला पोचली होती, मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. सोनीताईंचा रिसीव्हर कानाला लावला. ठार शांत.

“उचलला तर नेहमीवानी आवाज होता,” त्या म्हणाल्या. “नंबर दाबला, बाळाराम बोलला. का?”

मी खरं ते सांगितलं.

“तोडलाव? आनि आमाला सांगितलं बी नाय? लागला नसता तर, मॅडम?”

तो प्रश्न आठवला की आजही लाज वाटते.

चार दिवसांनी गेले तर फोनला हळद-कुंकू आणि वर झेंडूचं फूल. मी फडका घेतला. “पुसा हे. आत ओल गेली तर बिघडेल.”

“मग कोनाला पुजू? तुमाला?” सोनीताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

पुढे चौकशी. बाळारामच्या मोबाइल कंपनीकडून नोंद मागवली. कॉल आला होता, वाडीच्याच नंबरवरून, आमच्याच ट्रंकवर, एक मिनिट बेचाळीस सेकंद. साहेबांनी तयार कागद पुढे सरकवला – ‘जंपर काढायचे माझ्याकडून राहून गेले.’

“सही करा मॅडम, तोंडी समज देऊन मिटवतो.”

“मी काढला होता.”

“मग कॉल कसा गेला?”

“मला माहीत नाही.”

“माहीत नाही असं रिपोर्टमध्ये लिहितात का?”

“खरं असेल तर लिहितात!”

सही केली नाही; जे झालं ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं. कुणी बाहेरून नंबरची नक्कल केली म्हणाल, तर कोणी आणि कशासाठी? आणि सोनीताईंच्या हातातल्या रिसीव्हरमध्ये टोन कुठून आला? माझ्याकडे उत्तर नाही. असेल कुणाकडे तर सांगा, पण मीटर घेऊन या, अंगारा नको.

एक मात्र केलं. साहेबांचा कागद परत देऊन एक्स्चेंजला आले, खिळ्यावरचं वेटोळं उतरवलं, जंपर पुन्हा बसवला, स्विचमध्ये नंबर चालू केला आणि वाडीला रिंग दिली. रजिस्टरमध्ये लिहिलं – ‘हुकमाशिवाय जोडला.’ खाली माझी पूर्ण सही. मग साहेबांना फोन करून वाचून दाखवलं.

“हे काय करताय तुम्ही? एकदा लागलाच ना त्यांचा कॉल?”

“म्हणून तर,” मी म्हटलं. “एकदा कसा लागला ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. पुढच्या वेळी लागला नाही तर वाडीत जाऊन कोण सांगणार? मी एकदा गेलेय, आता तुम्ही जा.”

चौकशी अजून चालू आहे. फायबर अजून लिस्टमध्येच आहे. जंपर मी लावलेल्या जागी आहे, आणि तो ज्याला काढायचा असेल त्याने आधी सोनीताईंना फोन करून तसं सांगायचं. लाइन चालू आहे.