रॉक रेल आणि अक्कांचा गुडघा

अक्का अर्ध्या जीपमध्ये होत्या आणि अर्ध्या जे. पी. नगरच्या रस्त्यावर. एक पाय दाराच्या खालच्या कडेवर कसाबसा टेकलेला, दुसरा जमिनीवर. एका हातात दाराची चौकट, दुसऱ्या हातात काठी. मागे त्यांचे धाकटे भाऊ दत्तोजीराव उभे राहून धीर देत होते.

"अक्का, स्वल्प उडी मार. स्वल्पच!"

अक्का सत्तरीला टेकलेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. न वळता त्या म्हणाल्या, "दत्तू, उडी मारता आली असती तर तुझ्या जीपमध्ये कशाला बसले असते? उड्या मारतच गेले असते."

मी आणि आमच्या मिस्त्रीनं त्यांना धरून खाली उतरवलं. शेडमधल्या खुर्चीवर बसवलं. मग दत्तोजीरावांना विचारलं, "काय बसवायचंय?"

"रॉक रेल," ते म्हणाले. अगदी छाती फुगवून.

मी मूळची निपाणीची. बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि काही वर्षं नोकरी करून नव्वदच्या दशकात स्वतःची शेड टाकली. गाड्यांना लागणारं लोखंडी सामान आम्ही बनवायचो. कॅरियर, बंपर, गार्ड. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या मागे डोकावून बघायचं, आत कुणी पुरुष आहे का. मी बघू द्यायची. आत कॉम्प्रेसर होता.

दत्तोजीरावांचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान. तीन पिढ्या बेंगळुरूत. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि जीप घेतल्यापासून तोंडात इंग्रजी. जीप घेण्याआधी त्यांच्याकडे एक जुनी बुटकी कार होती. तिच्यात अक्का दार उघडून नुसत्या मागे टेकायच्या की झालं, बसल्या. ती कार त्यांनी विकली. अक्कांना विचारलं नाही. अक्कांनी लग्न केलं नाही, शाळेत शिकवून ह्या भावाला वाढवलं, हे मला त्यांच्या तोंडून नाही, शेजारच्या टायरवाल्याकडून कळलं.

आता थोडं सामानाबद्दल. जीपला दाराखाली दोन प्रकारची लोखंडं लावता येतात. एक साइड स्टेप. म्हणजे सरळ सरळ पायरी. खाली लोंबते, तिच्यावर पाय ठेवायचा आणि वर चढायचं. दुसरी रॉक रेल. म्हणजे जाड पाइप, चेसिसला घट्ट बोल्ट केलेला, जितका वर आणि आत घेता येईल तितका घेतलेला. डोंगरात गाडी दगडावर घसरली तर तिचं वजन ह्या पाइपवर येतं. दाराखालचा पत्रा चेपत नाही, दार अडकत नाही. पायरी माणसासाठी असते. रेल दगडासाठी असते.

"जीप जाते कुठे?" मी विचारलं.

"दुकानात. गोडाऊनला."

"वाटेत दगड कुठे आहेत?"

 दत्तोजीरावांच्या मागून उत्तर आलं. "मॅडम, ही गाडी काय फक्त दुकानासाठी घेतलीय?"

हा कॅप्टन. पुण्याहून आलेला, महादेवपुऱ्याकडे एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला. वय तिशीचं, खिशांची पँट, गळ्यात शिट्टी. लष्कराशी त्याचा संबंध नव्हता. रविवारी जीप घेऊन दगडधोंड्यांत जाणाऱ्या मंडळींचा त्यानं क्लब काढला होता आणि कॅप्टन ही पदवी स्वतःला दिली होती. सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचे, दत्तोजीराव तर 'सर' म्हणायचे. स्वतःपेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाला.

कॅप्टननं एक परदेशी मासिक माझ्या टेबलावर उघडलं. "ब्रेकओव्हर अँगल ऐकलंय का मॅडम?"

ऐकलं होतं. गाडीची पुढची चाकं टेकाडाच्या पलीकडे आणि मागची अलीकडे असताना पोट टेकाडाला लागतं की नाही, त्याचा हिशेब. पोट जितकं वर तितकं बरं. माणसांचंही तसंच.

"साइड स्टेप लावली की अँगलची वाट लागते," कॅप्टन म्हणाला. "आणि दिसतं काय? साइड स्टेप म्हणजे जीपला साडी नेसवणं."

खुर्चीतून अक्का म्हणाल्या, "आणि साडी नेसलेलीनं चढायचं कसं?"

कॅप्टन हसला. दत्तोजीरावही हसले, पण कॅप्टनकडे बघून.

कॅप्टन बोलत होता ते चुकीचं नव्हतं. तीच पंचाईत होती. दगडावर चालणाऱ्या गाडीला रेलच हवी. प्रश्न एवढाच होता की आठवड्यातून सहा दिवस ही गाडी दगडावर चालत नव्हती, आणि तिच्यात बसणारी बाई सातही दिवस तीच होती.

मी मधला मार्ग सुचवला. रेल बसवू, आणि तिच्याखाली पिनांनी अडकवायची एक पायरी करू. शहरात लावा, डोंगरात काढा. कॅप्टननं मासिक मिटलं. "पिनवाली पायरी? मॅडम, एक्स्पिडिशनला बाथरूमचं स्टूल नेतो का आपण?"

दत्तोजीरावांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "नुसती रेल. सर म्हणतात तशी."

गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यायचं, हा धंदा. सीमलेस, म्हणजे बिनसांध्याचा पाइप आणला, ब्रॅकेट कापले, काळा रंग मारला. रेल देखणी झाली. अक्कांसाठी दत्तोजीरावांनी खरोखरच एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल विकत घेतलं. अक्का चढायच्या, मग कुणीतरी स्टूल उचलून आत टाकायचं. उतरताना उलट.

पुढच्या महिन्यात क्लबची 'फॅमिली ड्राइव्ह' निघाली. देवनहळ्ळीच्या पुढे, शेतांच्या कडेनं जाणारी जुनी वाट. दत्तोजीरावांनी मलाही बोलावलं. आपल्या रेलचा पराक्रम बघायला. अक्कांना त्यांनी जवळजवळ हट्टानं आणलं होतं. "बघ तरी अक्का, कशासाठी घेतलीय ती."

दत्तोजीराव गाडी चालवत होते, अक्का शेजारी डावीकडे, मी मागे उजव्या बाजूला. वाट अरुंद. उजवीकडे खडकाची मोठी शिळा वर आलेली, डावीकडे कोरडा ओढा. कॅप्टन पुढे उभा राहून विमान उतरवावं तसे हात हलवत होता.

"राइट! राइट! अजून राइट!"

उजवं पुढचं चाक शिळेवर चढलं, पलीकडे उतरलं, आणि खालून लोखंड घासल्याचा असा आवाज आला की माझ्या दातांत कळ गेली. जीप थांबली. उजवी रेल शिळेवर बसली होती. चाक हवेत. डाव्या चाकांखालची ओढ्याच्या काठाची माती भसाभसा ढासळली आणि गाडी डावीकडे कलली.

"रेलनं धरलं!" कॅप्टननं टाळ्या वाजवल्या. "दत्तोजी, बघा! डोअर एकदम सेफ!"

खरं होतं. दाराला ओरखडासुद्धा नव्हता. उतरायला दाराखाली जमीन नव्हती, एवढंच. अक्कांच्या बाजूला थेट ओढ्याचा तळ. काठीनं चाचपला तरी लागेना.

दत्तोजीरावांनी आपलं दार उघडून एक पाय बाहेर टाकला. त्याबरोबर गाडी डावीकडे आणखी झुकली. अक्कांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला.

"उतरू नका!" मी ओरडले. "बसा. तसेच बसा!"

गाडी शिळेवर तराजूसारखी तोलली होती. उजवीकडचं वजन, म्हणजे दत्तोजीराव आणि मी, काढलं की डावीकडचं पारडं ओढ्यात जाणार होतं. आम्हाला दोघांना हलता येत नव्हतं. अक्कांना उतरता येत नव्हतं.

कॅप्टननं आपल्या जीपची विंच पुढे आणायला सांगितली. विंच म्हणजे बंपरवरचा तार गुंडाळलेला रहाट, अडकलेली गाडी ओढायला. तार कधी उलगडलेलीच नव्हती. कडी रंगानं चिकटून बसली होती. क्लबची मंडळी तिच्याभोवती जमली आणि कुणी काय करावं ह्यावर जोरात चर्चा सुरू झाली. माणसं आत असताना गाडी ओढू नका, असं मी खिडकीतून सांगितलं. कुणी ऐकलं की नाही कोण जाणे.

 इंजिन बंद होतं, तरी दत्तोजीरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं.

मग अक्का शांतपणे म्हणाल्या, "दत्तू, कार विकताना मला का नाही विचारलंस?"

"अक्का, आत्ता?"

"आत्ताच. एरवी तू एका जागी बसतोस कुठे?"

दत्तोजीराव समोरच्या काचेकडे बघत राहिले. "सांगणार होतो."

"माझा गुडघ्याचा व्यायाम कुठे चालतो, माहीत आहे?"

"जयनगरला. त्या क्लिनिकमध्ये. ऑटोनं जातेस ना?"

"जात नाही. ऑटोवाले येत नाहीत, आले तर गल्लीच्या तोंडाशी थांबतात. तुझ्या ह्या जीपच्या डोंगरावर रोज चढणं मला जमत नाही, आणि भर रस्त्यात दोघांनी मला पोत्यासारखं वर लोटावं, हे मला आवडत नाही. मी केव्हाच बंद केलंय जायचं."

"पण मी विचारायचो तेव्हा बरं आहे म्हणायचीस."

"तू जिन्यातून विचारायचास, दत्तू. बूट घालता घालता."

मी मागच्या सीटवर बसून आपण इथे नाही असं दाखवण्याचा प्रयत्न करत होते. तराजूतल्या वजनानं मध्ये बोलू नये. दत्तोजीरावांचे कान मागून लाल झालेले दिसत होते.  त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

तेवढ्यात खालून घुंगरांचा आवाज आला. ओढ्याच्या कोरड्या तळातून एक बैलगाडी येत होती. मागे वैरण रचलेली. अक्कांनी काठी खिडकीबाहेर काढली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात हाक मारली.

"गौड्रे! स्वल्प इल्लि बन्नि!" म्हणजे पाटील, जरा इकडे या.

गाडीवान थांबला. वर बघून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, वर काय करताय?"

"बसलेय. तुम्ही ह्या वाटेनं नाही जात?"

"नाही. तिथे दगड आहे ना."

"मग ही माणसं?"

"हे दर रविवारी येतात," तो म्हणाला. "वाट चुकत असतील बिचारे."

अक्कांनी त्याला गाडी जीपला लावून उभी करायला सांगितली. बैल हुशार, हळूहळू मागे सरले. वैरणीची गंजी थेट दाराच्या उंचीला आली. अक्कांनी दार उघडलं, काठी आधी पलीकडे टाकली, बूड सरकवलं आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसावं तशा वैरणीवर जाऊन बसल्या. ना उडी, ना स्टूल. जीप किंचित उजवीकडे सावरली. मग मी आणि दत्तोजीराव शिळेच्या बाजूनं जपून उतरलो.

"मॅम, वेट! विंच रेडी होतेय!" कॅप्टन ओरडला.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चला गौड्रे, डांबरी रस्त्यापर्यंत सोडा."

बैलगाडी निघाली. तिच्यामागून दत्तोजीराव चालत निघाले. नवे कोरे ट्रेकिंगचे बूट, आणि हातात लाल स्टूल.

जीप नंतर गावच्या माणसांनी दोर लावून मागे ओढली. मी खाली वाकून रेल बघितली. लांबलचक ओरखडा, पण केसभरही वाकली नव्हती. माझं वेल्डिंग टिकलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

दोन-तीन दिवसांनी दत्तोजीराव शेडमध्ये आले. एकटेच. मासिक नाही, कॅप्टन नाही. म्हणाले, "रेल काढा. पायरी लावा. अक्का म्हणेल तेवढी खाली." मी अक्कांना बोलावून घेतलं, विटा रचून त्यांचा पाय किती वर जातो ते बघितलं, आणि त्या उंचीला रुंद साइड स्टेप बसवली. वर चेकर्ड प्लेट, म्हणजे खवल्यांचा पत्रा, पाय घसरू नये म्हणून. दाराच्या चौकटीला धरायला एक दांडा. ब्रेकओव्हर अँगलची पार वाट लागली. अक्का पुन्हा जयनगरला जाऊ लागल्या. गाडी स्वतः दत्तोजीराव चालवायचे आणि व्यायाम संपेपर्यंत बाहेर बाकावर बसायचे. काढलेल्या रेल त्यांनी भंगारात दिल्या नाहीत. दुकानात भिंतीला ठोकल्या. त्यांच्यावर पाचवीच्या मुलींचे पिनाफोर, म्हणजे बिनबाह्यांचे फ्रॉक, लटकू लागले.

क्लबातून त्यांचं नाव गेलं. पण नंतरच्या वर्षभरात त्याच क्लबातली चार-पाच माणसं माझ्याकडे आली. रविवारी नाही, मधल्या वारी, एकेकटी. कुणाची आई, कुणाची बायको गरोदर, एकाचे स्वतःचेच गुडघे. सगळ्यांना साइड स्टेप हवी होती, आणि सगळ्यांची एकच विनंती. "मॅडम, कुणी विचारलं तर रॉक रेल म्हणून सांगा." मी सांगायची. कॅप्टन मात्र कधी आला नाही. तो हिंडायचा ती जीप त्याच्या मेव्हण्याची होती, असं पुढे कळलं.

इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एवढंच शिकले. लोखंडाला कुठल्याही नावानं हाक मारा, त्याची हरकत नसते. गुडघ्याची असते.