सगळ्यांच्या वतीने संपतराव

माझ्या बायकोचे थोरले भाऊ संपतराव समोरच्याचा प्रश्न कधी पुरा होऊ देत नसत. हॉटेलात आठ माणसांचं तेच मागवायचे, "सगळ्यांस्नी तांबडा चालतोय की!" बहिणीला बघायला आलेल्यांनी तिचं वय विचारलं, तर दोन वर्षं कमी करून तेच सांगायचे. खरं काय, याची त्यांना कधी गरज पडली नाही. याला ते पुढारपण समजत.

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, कोल्हापुरात झालं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं विचारलं, "बाळाला शी..."

"झाली की! दोनदा." पाचवीच्या पूजेला संपतरावांनी गावाकडून, गडमुडशिंगीहून, चाळीस माणसं बोलावली होती. त्यांना डिस्चार्ज हवा होता.

मी वही उघडली. "जन्माला पन्नास तास झाले. शी एकदाही नाही. उलट्या तीन, शेवटची हिरवी."

"दाजी, बाळ हाय ते, दुकानातला माल न्हवं! मोजताय काय?"

दुपारी बाळाचं ऑपरेशन झालं. डिंकासारख्या चिकट शीनं आतडं तुंबलं होतं. आतड्याचा जो तुकडा काढावा लागला, त्याच्या तपासणीत आतडं हलवणाऱ्या नसांमध्येही दोष निघाला. चिकट शीवरून डॉक्टरांना सिस्टिक फायब्रोसिसची, म्हणजे अंगातले स्राव घट्ट करणाऱ्या आजाराची, शंका होती; तो आई आणि बाप दोघांकडून येतो. त्यांनी विचारलं, "नात्यात कुणाचं तान्हं मूल पोट फुगून..."

"आमच्यात तसलं कायबी न्हाय!"

त्यांच्या पत्नी, सुशीलावहिनी, कोपऱ्यात बसल्या होत्या. तीस वर्षांत माझ्यासमोर त्या चार वाक्यं बोलल्या नसतील. त्या म्हणाल्या, "आमचा पहिला गेला की. अडीच महिन्यांचा."

"त्याला नजर लागलेली! गप ऱ्हा." मग मला बाजूला घेऊन, "दाजी, हे भाईर बोलू नका. आमच्या धाकट्या लेकीची सोयरीक जमत आलीया."

तिची तपासणी होणं तिच्याच पुढच्या मुलांसाठी गरजेचं होतं. मी त्याच संध्याकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. तेव्हापासून संपतराव आमच्याकडे येत नाहीत. मला त्याचं सोयरसुतक नाही.

डॉक्टरांची शंका खरी ठरली. नात आता तीन वर्षांची आहे. प्रत्येक जेवणाबरोबर पचनाच्या गोळ्या लागतात, पण वजन वाढतंय. वहिनी एकट्या बसनं तिला बघायला येतात. या आजारात घाम फार खारट असतो. पहिल्यांदा तिच्या कपाळाची पापी घेतली तेव्हा वहिनी थबकल्या, ओठांवरून जीभ फिरवली.

"दाजी, त्यो बी असाच लागायचा. मी ह्यास्नी तवाच सांगितलं हुतं."

"मग?"

"हे म्हणाले, तुझ्या जिभंतच खोट हाय."